मशीन घरी आली पायजे

भिंगरीचाचा बोलताना हात हलवत नसत, अंगठे हलवत. हातात चहाचा कप असो, तसबीचे मणी ओढत बसलेले असोत, नाहीतर कुणाच्या मयतीला मान खाली घालून उभे असोत, त्यांचे दोन्ही अंगठे जागच्या जागी हलत असायचे. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला कंपवात झालाय. कसला कंपवात! त्या अंगठ्यांनी चाचा हेलिकॉप्टर उडवत, आणि मशीन पेटीत बंद असली तरी मनातल्या मनात उडवतच असत.

हेलिकॉप्टर म्हणजे माणसं बसतात ते नव्हे, आणि जत्रेत मिळतं तेही नव्हे. पाती फिरू लागली की माझे दोन्ही हात पसरल्याएवढा घेर व्हायचा. पोटाखाली कॅमेरा टांगायचा आणि जमिनीवर उभं राहून रिमोटवर उडवायचं. आता ड्रोन आलेत, कुठल्याही लग्नात डोक्यावर घोंगावतात. तेव्हा ड्रोन हा शब्दही रत्नागिरीत कुणाला ठाऊक नव्हता. आंबेवाल्यांच्या कॅलेंडरावरची वरून दिसणारी कलमं, गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्यांच्या जाहिरातीतला वरून दिसणारा समुद्र, यातलं बरंचसं आम्ही दोघांनी काढलेलं. चाचा उडवायचे, कॅमेरा मी सांभाळायचे. वडिलांच्या मागे त्यांचा स्टुडिओ मी चालवत होते, आणि पासपोर्ट, बारसं, डोहाळजेवण यांना इतकी विटले होते की चाचांनी विचारलं तेव्हा काम काय आहे हेही न विचारता हो म्हणून बसले.

त्यांचं खरं नाव राजीवड्यातल्या, त्यांच्याच मोहल्ल्यातल्या, पोस्टमनलासुद्धा आठवावं लागे. पोरांनी ठेवलेलं भिंगरीचाचा हेच नाव चिकटलं. आता चाचा नाहीत, माझी आई नाही, आणि गेल्या पावसाळ्यात चाचीही गेल्या. तिघांपैकी एक जरी असतं तरी हे लिहिता आलं नसतं. आता लिहिते.

चाचांनी उमेदीची सगळी वर्षं मस्कतला काढली. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या हँगरमध्ये ते मेकॅनिक होते. पाती उतरवायची, पुसायची, तेल घालायचं, परत चढवायची. "एवढी वर्षं त्याच्या पोटाखाली झोपलो गो," ते सांगायचे, "पण आत बसून उडालो एकदाही नाय. मेकॅनिक जमिनीवर." गावाला परत येताना बाकीचे लोक टीव्ही, कांबळी, अत्तरं आणतात. चाचांनी एक लांबलचक पेटी आणली. चाचींना वाटलं शिलाई मशीन असेल. पेटी उघडून आत काय आहे ते बघितल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या, असं त्या स्वतःच हसत हसत सांगत.

आमच्या कामाची रीत अशी होती. मशीन वर गेली की चाचा फक्त तिच्याकडे बघायचे. पापणीसुद्धा कमी लवायची. मशीनमधला कॅमेरा काय बघतोय ते एका छोट्या स्क्रीनवर दिसायचं, भुरकट, रेघा मारत. भर उन्हात ते दिसावं म्हणून मी वडिलांच्या जुन्या स्टॅन्ड कॅमेऱ्याचं काळं फडकं डोक्यावरून घ्यायचे. म्हणजे मला स्क्रीनपलीकडचं काही दिसायचं नाही आणि चाचांना स्क्रीनमधलं काही दिसायचं नाही. "तू खाली बघ, मी वर बघतो," एवढीच आमची वाटणी. खरं चित्र मशीनमधल्या कार्डावर उमटायचं, ते घरी जाऊन मोठ्या पडद्यावर लावलं की स्वच्छ दिसायचं.

मी त्यांना डावीकडे, उजवीकडे असं कधीच सांगायचं नाही. मशीन आपल्यापासून लांब जात असते तेव्हा तिचं डावं ते आपलं डावं, पण ती तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागली की सगळं उलटं होतं. भल्याभल्यांचे गोंधळ होतात आणि मशीन झाडात जाते. म्हणून आम्ही समुद्राकडे आणि डोंगराकडे एवढंच म्हणायचो. "डावं-उजवं माणसाचं," चाचा म्हणायचे. "समुद्र काय जागचा हलत नाय." अजूनही मला रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं.

माणसांच्या डोक्यावरून ते मशीन नेत नसत. पातं तुटलं तर मानेत जाईल, म्हणायचे. एकदा शिमग्यात एका गावाला पालखी वरून पाहिजे होती. मानकरी हट्टाला पेटले. चाचा हात जोडून म्हणाले, "तुमच्या डोक्यावरून तर नायच. आणि देवाच्या डोक्यावरून तर बिलकूल नाय." पालखी नाचत होती, ढोल घुमत होते, आणि चाचांनी मशीन बाजूच्या सड्यावरून, म्हणजे मोकळ्या कातळमाळावरून, तिरकी धरून सगळं घेतलं. गावाला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी त्यांना मानाचा नारळ दिला. चाचांनी तो चाचींकडे दिला आणि चाचींनी त्याची सोलकढी करून मला पाजली.

आता चाचांच्या एका नियमाकडे येते. मस्कतहून आणलेली पहिली मशीन चाचांनी स्वतःच्या हावेने घालवली होती. भाट्याच्या खाडीवर सूर्याचा उजेड असा काही पडला होता म्हणे, की त्यांनी अजून अर्धं मिनिट, अजून अर्धं मिनिट करत ती वर ठेवली. बॅटरी संपली आणि मशीन दगडासारखी खाडीत गेली. मी तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हते. दुसरी मशीन घ्यायला त्यांना चार वर्षं लागली, आणि त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. बॅटरी दहा मिनिटं चालायची. सातव्या मिनिटाला रिमोट टीं टीं करायचा. टीं झालं की मशीन घराकडे वळलीच पाहिजे, खाली काहीही चाललेलं असो.

नुसता नियम करून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. डोकं सबबी काढतं. म्हणून डोक्याला न विचारता अंगठ्यांनी वळावं अशी त्यांनी अंगठ्यांना शिकवणी लावली. रोज सकाळी दोघं नवरा-बायको सड्यावर जायची. चाचा मशीन उडवत असायचे आणि त्यांच्या पाठीमागे चाची एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात चमचा घेऊन कातळावर बसायच्या. मनात येईल तेव्हा त्या पातेल्यावर चमचा हाणायच्या. ठक्क! त्या क्षणी मशीन वळलीच पाहिजे. वळायला जरा उशीर झाला की चाची ओरडायच्या, "काय हो, झोपलात काय?" मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. चाचींनाही हसू आवरेना. चाचा मात्र गंभीर. "हस तू. मशीन घरी आली पायजे," म्हणाले.

एका लग्नात नवरामुलगा घोड्यावरून उतरत होता, वधूपिता हात जोडून पुढे झाला, आणि टीं. मशीन वळली आणि मी फडक्याखालून नवऱ्यामुलाऐवजी शामियान्याचं छप्पर बघत बसले. वधूपित्याने नंतर आम्हाला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मीही चिडले होते. "दहा सेकंद, चाचा! दहा सेकंदांनी काय आभाळ कोसळणार होतं?" चाचा अंगठे चोळत म्हणाले, "मी कुठे वळवली? आवाज आला, ती वळली." तेव्हा ते मला अभिमानाने सांगत होते. अंगठे पुरते तयार झाले होते.

माझा दादा खलाशी होता. वडिलांचा स्टुडिओ त्याने घ्यावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा जीव घुसमटायचा. तो बोटीवर गेला आणि स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला. चाचांवर त्याचा जीव होता. येता-जाता चिडवायचा, "चाचा, तुमच्या भिंगरीवर बसवून मला मुंबईला सोडता काय?" चाचांनी त्याला हँगरमधला आपला जुना शर्ट दिला होता, भडक केशरी, दुरून डोळ्यांत भरेल असा. "समुद्रावर हाच घालत जा," त्यांनी बजावलं होतं. "निळ्या-काळ्यात माणूस गवसत नाय." दादाने तो शर्ट विटेपर्यंत घातला. आई तो वेगळ्या बादलीत धुवायची, कारण रंग जायचा.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी नुकत्याच बाहेर पडायला लागल्या होत्या. समुद्र अजून शांत झालेला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी, जिथे गाळाचा बांध तयार झालाय आणि लाटा उभ्या फुटतात, तिथे दादाची बोट उलटली. बोटीत चौघे होते. तिघे पोहत किनाऱ्याला लागले. त्यातल्या एकाने सांगितलं की बोट उलटताना तिचा काठ दादाच्या डोक्यावर बसला, मग तो दिसलाच नाही. माणसं जमली, दोन बोटी शोधायला गेल्या. पण लाटा एवढ्या होत्या की बोटीतल्या माणसाला पुढच्या लाटेपलीकडचं दिसेना. वरून बघायला पाहिजे होतं. मी चाचांना फोन केला. ते अनवाणीच रिक्षातून आले, मशीनची पेटी मांडीवर आडवी धरून.

तीन बॅटऱ्या होत्या. प्रत्येक उड्डाणाला नवी बॅटरी आणि नवं कार्ड, ही आमची नेहमीची रीत. सुरूच्या बनासमोर वाळूवर आम्ही उभे राहिलो. पहिल्या उड्डाणात मला लाटांशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी चाचांनी मशीन इतकी लांब नेली की ती माशीएवढी झाली. तेवढ्या लांब त्यांनी ती कधीच नेली नव्हती. फडक्याखाली माझा श्वास मलाच ऐकू येत होता. "समुद्राकडे," मी म्हणत होते, "अजून समुद्राकडे. अजून." आणि रेघा मारणाऱ्या त्या भुरकट पडद्यावर मला एक केशरी ठिपका दिसला. खाली गेला, परत वर आला.

"थांबा! चाचा, थांबा! केशरी! केशरी आहे!" मी किंचाळले तशी सगळा किनारा धावत आला. शेजाऱ्याच्या फोनवर शोधायला गेलेल्या एका बोटीचा तांडेल होता. तो ओरडून सांगत होता, "मशीन दिसतेय! मशीन दिसतेय! तिच्यावरच बोट धरलीय, दोन-अडीच मिनिटांत पोचतो."

टीं.

माझ्या पडद्यावरचा समुद्र आडवा झाला आणि फिरला. ठिपका निघून गेला. मी फडकं भिरकावून दिलं आणि ओरडले, "चाचा, कुठे वळवताय? राहू द्या तिथेच! बुडाली तर बुडाली!" चाचा वर बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. अंगठे चालले होते. फोनमध्ये तांडेल विचारत होता, "अरे, मशीन कुठे गेली? आम्हाला काय दिसत नाय! कुठे बघायचं?" मी चाचांचा दंड धरून हलवला तेव्हा ते झोपेतून उठल्यासारखे माझ्याकडे वळले. मग त्यांनी हातातल्या रिमोटकडे बघितलं. मशीन तोवर अर्ध्या वाटेवर आली होती. मागे फिरवायला बॅटरी उरली नव्हती.

मशीन नियमाप्रमाणे घरी आली. चाचांनी बॅटरी बदलली, कार्ड बदललं, आधीचं खिशात टाकलं. त्यांच्या अंगठ्यांना बॅटरीची पिन लागेना, ती मी लावली. तिसऱ्यांदा मशीन त्याच जागी नेली. ठिपका नव्हता. रिमोट टीं टीं करायला लागला. चाचा दातओठ खाऊन अंगठे दाबून उभे राहिले. टीं टीं टीं टीं, तो आवाज माझ्या डोक्यात घुसला तो अजून निघालेला नाही. बोट येऊन मशीनखाली फिरत राहिली, माणसं वाकून वाकून पाण्यात बघत राहिली. मग बॅटरी संपली आणि मशीन त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात पडली. चाचा रिमोट हातात धरून तसेच उभे. कुणी तरी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

दादा तिसऱ्या दिवशी पूर्णगडच्या बाजूला मिळाला. अंगात तोच शर्ट होता. डोक्याला खोक होती, म्हणजे तो खलाशी सांगत होता ते खरंच होतं. पण आईने एकच धोशा लावला होता. ती रडायचीसुद्धा नाही, नुसती विचारायची, "तो केशरी ठिपका काय होता? माझा बाळ तिथे जिवंत होता काय?" येणारा-जाणारा मान खाली घालायचा. मला तर चाचांचं नावसुद्धा नको झालं होतं. चार माणसांसमोर म्हटलं मी, की या माणसाने माझ्या भावापेक्षा मशीन मोलाची धरली.

त्याच संध्याकाळी चाचा आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आईकडे बघून म्हणाले, "भाभी, कार्ड बघितलं मी. मोठ्या पडद्यावर बघितलं. माणूस नव्हता तो. जाळ्याला बांधतात तो बोया होता, केशरी प्लास्टिकचा. तुमचा मुलगा बोटीपाशीच गेला. त्याला काय कळलंसुद्धा नाय." आईने दोनदा, तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं. कार्ड कुठाय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, पुसून टाकलं. आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा आई रडली. ते रडणं ऐकून मला सुटल्यासारखं झालं. मी उठले आणि चाचांच्या पाया पडायला वाकले, माझ्या तोंडून काय काय गेलं होतं त्याची माफी म्हणून. चाचांनी पाय असे मागे घेतले की ते पायरीवरून पडता पडता राहिले. मला वाटलं, त्यांच्यात पाया पडत नाहीत, म्हणून असेल.

त्यानंतर त्यांनी मशीन घेतली नाही. डोळे गेले, असं सगळ्यांना सांगायचे. डोळे चांगले शाबूत होते, आमच्या अंगणातल्या पोफळीवरचा सरडा त्यांना घरातून दिसायचा. दर शुक्रवारी नमाजानंतर ते आईकडे येऊन बसायचे. पंखा दुरुस्त कर, मिक्सरची वायर बदल, काही ना काही करायचे. आई चहा करायची आणि कधीतरी विचारायचीच, "त्याला त्रास नाही ना झाला हो?" चाचा म्हणायचे, "नाय भाभी. लगेच." इतकी वर्षं हे चाललं. आई निवांत झोपायची. मला या गृहस्थाच्या चांगुलपणाचं कौतुक वाटायचं, आणि थोडा कंटाळाही यायचा. एकच उत्तर दर शुक्रवारी ऐकायचं म्हणजे काय?

मी ड्रोन घेतला तेव्हा चाचांना दाखवायला राजीवड्याला घेऊन गेले. मला वाटलं, खूश होतील. "बघा, बॅटरी उतरली की आपोआप घरी येतो," मी सांगितलं. "तुमचा नियम यांनी आतच घालून दिलाय." चाचांनी ड्रोन हातात घेतला, उलटा करून बघितला. अंगठे हलायचे थांबले होते.

"आणि त्याला सांगता येतं काय," त्यांनी विचारलं, "की येऊ नको म्हणून?"

"येतं की. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायचं."

"मग बंद करून ठेव," ते म्हणाले. "पाण्यावर जाशील तेव्हा आधी ते बंद कर. बाकी काय विसरलीस तरी चालेल." एवढं बोलून ते आत निघून गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. चाची आवाज न करता चहाचा कप माझ्यासमोर ठेवून गेल्या. त्या घरात भांडं वाजत नसे, हे मला जाणवलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांचं घर, म्हणून मी सोडून दिलं.

चाचा साखरेने गेले. आधी एक पाय गेला, मग सहा महिन्यांनी ते. मयतीला मी राजीवड्यात बाहेर बायकांत बसले होते. चाची मला म्हणाल्या, "बाय, अंगठे थांबले गो त्यांचे." बस, एवढंच म्हणाल्या. मग दीड वर्षाने माझी आई गेली. तिचं दिवसकार्य आटोपल्यावर चाचींनी मला बोलावणं धाडलं. रिमोटची जुनी पेटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "बायची आई असेपर्यंत देऊ नको म्हणाले होते. ती गेली की दे." रिमोटच्या खाली, स्पंजाला कापलेल्या खाचेत, तलम फडक्यात गुंडाळलेलं एक कार्ड होतं.

स्टुडिओत जाऊन दार लावून घेतलं आणि मोठ्या पडद्यावर लावलं. सहा मिनिटं नुसत्या लाटा. मग केशरी. तो बोया नव्हता. दादा होता. त्याच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, आणि तो वर बघत होता, मशीनकडे. त्याने मशीन ओळखली होती. रत्नागिरीत दुसरी कुणाची असणार? एक हात पाण्याबाहेर काढून तो हलवत होता आणि, देवा रे, तो हसत होता. आपल्याला बघितलं, आता झालं, असं तोंड होतं त्याचं. मग समुद्र आडवा झाला. मग रिकामं पाणी, मग दुरून सुरूचं बन, मग वाळू, वाळूवर घोळका, आणि घोळक्याच्या पुढे दोन माणसं. एक मान वर करून निश्चल उभा. दुसरी मी, डोक्यावरचं फडकं फेकून एक हात वर केलेली, अगदी दादासारखाच.

मी चाचांना रागावले. मोठमोठ्याने शिव्या घातल्या त्या बंद खोलीत. आजही राग येतो, खोटं कशाला बोलू? त्यांच्या अंगठ्यांनी माझा भाऊ मारला, असं मनात येतं, आणि दुसऱ्याच क्षणी आठवतं की उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी माझ्या आईला अकरा वर्षांची झोप दिली. हे कार्ड त्यांनी त्या दिवशी एकट्याने बघितलं असणार. दादाचा तो हात बघून आमच्या घरी चालत आले असणार. आणि आम्ही त्यांना दर शुक्रवारी तोच प्रश्न विचारत बसलो. कार्ड पुसून टाकणं त्यांच्या हातात होतं. पण दादाचं शेवटचं तेवढंच होतं, आणि ते पुसायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं असेल. मला दुसरं कारण सुचत नाही.

दोन दिवसांनी चाचींनीच पुन्हा बोलावलं. मी गेले तर त्या ओटीवर बसून होत्या, केस विंचरायचेही राहिलेले.

"काय हाय गो त्यात?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याशेजारी बसले.

"मला त्यांनी कधी सांगितलं नाय. पण त्या दिवसापासून घरात भांडं वाजलं की ते उठून बाहेर जायचे. जेवता जेवता उठायचे. मी फडकं घालून भांडी ठेवायला लागले." चाचींनी पदर तोंडाशी धरला. "आवाज मीच शिकवला ना त्यांना? चमचा माझ्या हातात होता. ‘झोपलात काय’ म्हणून मीच ओरडायची. तुझा भाऊ होता काय गो त्यात? खरं सांग. मी म्हातारी झाले, मला घेऊन जायचंय सगळं वर."

मी त्यांचा हात हातात घेतला. आयुष्यात मी खोटी शपथ कधी घेतली नव्हती. आमच्या घरी शपथेला फार मानतात.

"बोया होता, चाची," मी म्हटलं. "जाळ्याचा. केशरी."

"खरंच?"

"आईची शपथ."

चाची माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या. मी ओटीवर बसून राहिले. आतून पाण्याचा आवाज आला, स्टोव्हचा आवाज आला. मग त्यांनी पातेल्याच्या काठावर चमचा ठक्क करून झटकला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा झटकला.